नसलेल्या कुत्र्याची रंगीत तालीम

आमच्या घरी कुत्रा यायच्या आधीच त्याच्याविरुद्ध दोन तक्रारी आल्या होत्या. तो भल्या सकाळी भुंकतो ही एक आणि लिफ्टमध्ये घाण करतो ही दुसरी. ज्या प्राण्याचा अजून रंगसुद्धा ठरला नव्हता त्याने एवढी मजल मारावी याचं मला एरवी कौतुक वाटलं असतं. पण तक्रारी घेऊन आमच्या इमारतीचे सेक्रेटरी दारात उभे होते आणि त्या गृहस्थांसमोर कशाचंही कौतुक करायची सोय नसते.

पण हे फार पुढचं झालं. सुरुवात कन्येपासून करायला हवी, कारण आमच्या घरातली प्रत्येक भानगड तिच्यापाशी सुरू होते आणि माझ्यापाशी येऊन निस्तरली जाते.

कन्या पाचवीत आहे. तिची शाळा दुपारी सुटते. मी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतो, आणि पत्नी एका प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकातून लोकांचं रक्त तपासते. आम्ही दोघं घरी येतो दिवेलागणीला. मधला सगळा वेळ कन्या आणि घर. त्या वेळात तिचे आम्हाला फोन येत. "आई, बिस्किटं कुठायत?" "काल होती तिथेच." "बरं. आणि काल कुठे होती?" हे संभाषण रोज साधारण असंच चाले. बिस्किटांची जागा आमच्या घरात कन्येइतकी कोणालाच ठाऊक नाही, हे आम्हाला माहीत होतं. पण नोकरीवर असताना माणूस अशा गोष्टींचा विचार करत बसत नाही, फोन ठेवतो.

एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "मला कुत्रा हवाय."

"कशाला?" मी विचारलं. खरेदी विभागात पहिला प्रश्न हाच असतो.

"मी घरी येते तेव्हा घरात कोणीतरी असेल म्हणून." मग तिने विचारलं, "बाबा, कुलूप उघडल्यावर घर कसं गप्प असतं, तुम्ही ऐकलंय का कधी?"

मी ऐकलं नव्हतं. मी येतो तेव्हा टीव्ही चालू असतो, कुकरची शिट्टी होत असते आणि कोणीतरी कोणावर तरी ओरडत असतं. मी बापाने म्हणावं तसं "बघू" म्हणालो. आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ सभ्य भाषेत 'नाही' असा होतो. पण पत्नीने माझ्यावर सूक्ष्मदर्शकातली नजर रोखली आणि ती म्हणाली, "बघू नाही. बघाच."

झालं. कुत्र्याची खरेदी अधिकृतपणे माझ्या गळ्यात पडली.

आता, ज्या माणसाने डोक्यावरचे केस पांढरे होईपर्यंत तीन ठिकाणचे भाव घेतल्याशिवाय साधा नटबोल्ट घेतलेला नाही, त्याने कुत्रा कसा घ्यावा? मी तुलनात्मक तक्ता केला. उभ्या रकान्यात कुत्र्यांच्या जाती आणि आडव्या ओळीत गुणदोष : आकारमान, केसगळती, आवाज, भूक, स्वभाव. आणि सगळ्यात महत्त्वाचा, लाल शाईतला रकाना : 'एकटं राहण्याची क्षमता'. नोकरदार घराला योग्य कुत्रा म्हणजे काय, याची माझ्या डोक्यात स्वच्छ कल्पना होती. त्याने आमच्या मुलीला दुपारभर सोबत करावी, पण त्याला स्वतःला कोणाची सोबत लागू नये. थोडक्यात, मला शेपूट हलवणारं कपाट हवं होतं.

तक्त्याची बातमी फुटली आणि सल्ल्यांचा वर्षाव सुरू झाला. माझ्या मेव्हण्याने आयुष्यात कुत्रा पाळलेला नाही. त्यामुळे त्याची मतं अगदी पक्की आहेत. "भावोजी, घ्यायचा तर उमदा घ्या," असं म्हणून त्याने मला ज्या जातीचा फोटो दाखवला, त्या जातीचा कुत्रा आमच्या हॉलमध्ये उभा राहिला असता तर वळायला त्याला गॅलरीत जावं लागलं असतं. समोरच्या काकूंचं म्हणणं, कुत्रा नकोच, मासे घ्या. "मासे भुंकत नाहीत, चावत नाहीत, आणि मेले तरी फारसं वाईट वाटत नाही." कारखान्यात तर मधल्या सुट्टीत दुसरा विषयच उरला नाही. छोटे कुत्रे तापट असतात, मोठे आळशी असतात, मधले दोन्ही असतात, असं भांडार विभागाने मला सप्रमाण सांगितलं. माझ्या लग्नाच्या वेळी मला इतके सल्ले कोणी दिले नव्हते. हे मी घरी बोलून दाखवलं तेव्हा पत्नी म्हणाली, "मला तरी कुठे दिले होते!"

तक्त्याचा निकाल असा लागला की एकही कुत्रा पास झाला नाही. जो गप्प होता तो केस गाळत होता, जो केस गाळत नव्हता त्याला दिवसातून तीनदा पळवायला लागत होतं, आणि लाल रकान्यात तर सगळ्यांचीच दांडी गुल. शेवटी मी बेवारशी जनावरं सांभाळणाऱ्या एका संस्थेला फोन लावला. तिथल्या बाई खणखणीत आवाजाच्या होत्या.

"पहिल्यांदाच पाळताय? दिवसभर घरी कोण असतं?"

"दुपारनंतर मुलगी असते."

"केवढी?"

"पाचवीत आहे."

"म्हणजे कोणी नसतं," बाईंनी नोंद केली. "अहो, मोठं माणूस कोण असतं? कुत्र्याला असं तासन् तास एकटं टाकून चालत नाही. ते रडतं, सामान कुरतडतं, जेवत नाही. दुपारी कोणीतरी यायलाच हवं. जीव आहे तो, खुर्ची नाही."

मला त्यांचा सूर आवडला नाही. मी मोठमोठ्या पुरवठादारांना घाम फोडलेला माणूस आहे. तसं मी त्यांना ऐकवणार होतो, पण त्यांनीच मला बोलू दिलं नाही. "आधी थोडे दिवस बघा तुम्हाला झेपतंय का. सकाळी फिरवणं, दुपारी घरी येणं, सगळं. मगच या. आणि हो, इमारतीची परवानगी घेऊन या." फोन बंद.

थोडे दिवस बघा म्हणजे विचार करा, एवढंच त्या बाईंना म्हणायचं असणार. कोणत्याही शहाण्या माणसाला ते कळलं असतं. पण आमच्या कारखान्यात चाचणी घेतल्याशिवाय कुठलीही वस्तू ताब्यात घेत नाहीत. मी ठरवलं, आपण चाचणी घ्यायची. कुत्र्याची नाही, घराची.

"कुत्र्याशिवाय?" पत्नीने विचारलं.

"पंप बसवायच्या आधी आम्ही पाया तपासतो. तेव्हा पंप नसतोच."

कन्येला ही कल्पना एवढी आवडली की ती खुर्चीवरच उभी राहिली. त्याच संध्याकाळी आम्ही पट्टा आणि पाण्याचं भांडं आणलं. दुकानदाराने विचारलं, मान केवढी? मी म्हणालो, ठरायचीय. त्याने माझ्याकडे, मग कन्येकडे पाहिलं आणि मुकाट्याने पट्टा बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातात रिकामा पट्टा घेऊन रस्त्यावर उतरलो. कन्येचे नियम कडक होते. पट्टा गुंडाळून खिशात ठेवायचा नाही, जमिनीपासून थोडा वर लोंबता धरायचा. प्रत्येक खांबापाशी थांबायचं. "आणि घाई करायची नाही बाबा, तो वास घेत असेल." मी एका प्रतिष्ठित कारखान्याचा खरेदी अधिकारी, एका खांबापाशी उभा राहून कोणीही घेत नसलेला वास संपायची वाट पाहत होतो.

सकाळी फिरायला येणारी मंडळी स्वभावाने परोपकारी असतात, त्यांना दुसरं काम नसतं. "निसटला का?" एका गृहस्थांनी विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत ते बागेच्या दिशेने धावत सुटले. दुसऱ्या दिवशी ते आणखी चौघांना घेऊन आले. "रंग सांगा फक्त," त्यातला एक म्हणाला. "अजून ठरला नाही," मी खरं ते सांगितलं. मग एका वयस्कर बाईंनी पुढे होऊन माझा हात हातात घेतला. "असं होतं हो. आमचा गेला तेव्हा आमचे हेसुद्धा कितीतरी दिवस नुसता पट्टा घेऊन फिरायचे. रडून घ्या, बरं वाटेल." त्यांचेच डोळे भरून आले होते. आता अशा बाईंना तक्ता आणि पंपाचा पाया काय समजावणार? मी मान खाली घातली आणि "सवयीने होईल ठीक" असं काहीतरी पुटपुटलो. तेव्हापासून त्या रस्त्यावर मला रोज सकाळी सहानुभूती मिळू लागली. कुत्रा घ्यायच्या आधीच मी त्याच्या दुःखात होतो.

दुपारची पाळी आम्ही नवराबायकोने वाटून घेतली. एक दिवस तिने यायचं, एक दिवस मी. मी साहेबांकडे जेवणाच्या सुट्टीला जोडून थोडी सवलत मागायला गेलो.

"कशासाठी?"

"कुत्र्यासाठी."

साहेबांचा चेहरा एकदम खुलला. "अरे वा! कोणता घेतलात?"

"अजून घेतला नाही साहेब. सराव चाललाय."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "जात जा. तब्येतीची काळजी घ्या." सवलत मिळाली, पण त्यानंतर मोठ्या रकमेच्या कागदांवर माझी सही झाली की ते कागद दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घेतले जाऊ लागले. असो.

दुपारी मी स्कूटरवरून धापा टाकत यायचो तेव्हा कन्या गणवेशातच, पट्टा हातात घेऊन, फाटकापाशी उभी असायची. इमारतीला एक फेरी, मग वर जाऊन दोघांनी जेवायचं. जेवताना ती अखंड बोलायची. कोणी कोणाचं खोडरबर खाल्लं, गणिताच्या बाई शिंकल्या तेव्हा फळा कसा हलला, कोण कोणाशी कट्टी आहे आणि ती कट्टी कोणामुळे झाली. माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं, पण खोडरबर खाणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं ते मला दुपारभर आठवत राहायचं. एकदा तर मी एका पुरवठादाराचं बोलणं मध्येच तोडून पत्नीला फोन केला, की तिच्या पाळीत त्या मुलाचा काही उलगडा झाला का. एक मात्र खरं, बिस्किटं कुठायत असा फोन त्या दिवसांत एकदाही आला नाही.

कन्या परीक्षक म्हणून फार कठोर निघाली. "आज तुम्हाला उशीर झाला बाबा. तो रडला असता. आजचा दिवस धरायचा नाही." आईच्या पाळीला, "आई आज घाईघाईत उभ्यानेच जेवली. धरायचा नाही." चाचणीसाठी ठरवलेले पंधरा दिवस भरेचनात. महिना उलटत आला तरी चाचणी पूर्ण होण्याचं चिन्ह दिसेना. मी तर तिच्यावर खूष होतो. काटेकोरपणा रक्तात असावा लागतो, असं मी पत्नीला म्हणालोसुद्धा. ती रोज रक्तच बघते, पण त्या वेळी ती कन्येकडे बघत होती.

त्या दोन तक्रारी आल्या त्या याच काळात. सेक्रेटरी दारात उभे राहून म्हणाले, "कुत्रा बाहेर काढा."

"कुत्रा नाहीये."

"समोरच्या काकूंनी भुंकणं ऐकलंय. सकाळी. बाथरूममधून."

आता हे सांगणं भाग होतं. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होईल का, हे आधीच तपासावं अशी सूचना कन्येने केली होती. म्हणून ती जिन्यात कान देऊन उभी राहिली होती, आणि मी बाथरूमचं दार लावून...

"तो मी होतो," मी म्हणालो.

सेक्रेटरींनी चष्मा काढला. समोरचं दार किलकिलं झालं आणि त्यातून काकू म्हणाल्या, "एवढं हुबेहूब?" सांगायला लाज वाटते, पण माझ्या नोकरीत मला इतकी मनापासून दाद आजवर मिळाली नव्हती.

"आणि लिफ्टमधली घाण?"

"ते पाणी होतं. फेरीला नेलेल्या भांड्यातून सांडलं."

"सगळे पाणीच म्हणतात," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा माझ्यावर विश्वास बसेना. माणूस एक वेळ चोरून कुत्रा पाळेल, पण उघडपणे नसलेला कुत्रा पाळणार नाही, असं त्यांचं साधं तर्कशास्त्र होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात चूक काय होती? शेवटी त्यांनी फर्मान काढलं. पालिकेचा परवाना आणा, मग समिती परवानगीचा विचार करेल. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकलो होतो. तिच्यात राहायला जाण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

पालिकेच्या कचेरीत प्राणी परवान्याची खिडकी जन्ममृत्यूच्या खिडकीला लागून आहे. चुकीच्या रांगेत उभं राहून मी आधी एका कुटुंबाला विनाकारण घाबरवलं. मग योग्य खिडकीपाशी पोचलो. कारकून डबा खात होता.

"कुत्रा कुठाय?"

"अजून घेतलेला नाही. परवाना मिळाला की समिती परवानगी देईल, परवानगी मिळाली की संस्था कुत्रा देईल."

"आणि कुत्रा दिसला की आम्ही परवाना देऊ," कारकुनाने वर्तुळ पूर्ण केलं आणि समाधानाने घास चावला.

मी गयावया केली. माझ्या मागच्या माणसाने गयावया केली, कारण त्याला उशीर होत होता. शेवटी कारकुनाला दया आली असावी किंवा डबा संपला असावा. "बरं, माहिती सांगा. रंग?" मला वाटलं, सुटलो. मी ठोकून दिलं, तपकिरी. नर की मादी? नर. वय? वर्षाचा. स्वभाव? प्रेमळ. मी इतका रंगात आलो की उजव्या पायाला पांढरा डाग आहे हेही विचारल्याशिवाय सांगितलं.

"लस कधी टोचली?"

"टोचली नाही," मी म्हणालो. कारण एवढं खोटं बोलल्यावर कुठेतरी खरं बोलावं असं वाटलं.

"वर्षाचा कुत्रा आणि लस नाही?" कारकून ताठ बसला. "दंड भरावा लागेल."

मी ओरडून सांगितलं की कुत्रा नाही. तो म्हणाला, दंड म्हटल्यावर सगळ्यांचे कुत्रे नाहीसे होतात. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायला माझ्याकडे कुत्रंसुद्धा नव्हतं. मी मुकाट्याने न जन्मलेल्या कुत्र्याला न टोचलेल्या लसीचा दंड भरला.

पण गंमत पुढेच आहे. दंडाच्या त्या पावतीवर माझ्या नावापुढे 'श्वानधारक' असं छापलेलं होतं आणि खाली पालिकेचा गोल शिक्का होता. सेक्रेटरींनी शिक्का उजेडात धरून पाहिला, बोटाने चाचपला, आणि त्यांचा चेहरा निवळला. "आता कसं कायद्यात आलं," असं म्हणत त्यांनी परवानगीवर सही केली. आयुष्यभर नियमाने वागून मला जे मिळालं नसतं ते एका दंडाने मिळालं.

त्या रविवारी, चाचणीचे दिवस अजून भरले नसले तरी, मेव्हण्याची गाडी मागवून आम्ही सगळे संस्थेत गेलो. कुत्रा स्कूटरवरून आणता येत नाही, आणि मेव्हण्याला न नेता त्याची गाडी आणता येत नाही. संस्थेच्या बाई फोनवर होत्या तशाच प्रत्यक्षातही खणखणीत होत्या. त्यांच्या कपड्यांवर निरनिराळ्या रंगांचे केस होते आणि त्यांच्या मागे निरनिराळ्या उंचीचे कुत्रे चालत होते.

मी तक्ता काढला. बाईंनी तो वाचला, लाल रकान्यापाशी त्या थांबल्या आणि मला वाटलं, आता ही बाई मला हाकलून देणार. पण त्या म्हणाल्या, "असा एक आहे माझ्याकडे."

तो कोपऱ्यात पोत्यावर पहुडला होता. मोठा, करडा, तोंडावर पांढरे केस आलेले. आम्ही जवळ गेल्यावर त्याने डोळे उघडले, आम्हाला रीतसर पाहून घेतलं आणि पुन्हा मिटले. भुंकत नाही, कुरतडत नाही, बेताचं खातो, बाई सांगत होत्या. दिवसभर झोपतो. एकटं राहायची सवय आहे, दुपारी कोणी यायची गरजच नाही. मी एकेका रकान्यात बरोबरची खूण करत होतो आणि शेवटची खूण तर मी दोनदा गिरवली. नोकरदार घरासाठी जणू मोजमाप देऊन बनवून घेतलेला कुत्रा! मी विजयी मुद्रेने कन्येकडे वळलो.

"बघ! आता आईबाबांची दुपारची धावपळ संपली!"

कन्या त्याच्यापाशी बसून त्याचं कपाळ खाजवत होती. तिचा हात थांबला.

"चांगला आहे हा," ती म्हणाली. "पण नको."

"नको? अगं, का?"

ती उत्तर न देता उठली आणि पुढच्या जाळीपाशी गेली. तिथून मघापासून एक भयंकर आवाज येत होता, मी इतका वेळ त्याला एखादं यंत्र समजत होतो. आत हडकुळं काळं पिल्लू होतं, एक कान उभा, एक पडलेला. ते जाळीला नाक लावून जिवाच्या आकांताने रडत होतं. कन्या समोर बसल्याबरोबर आवाज बंद झाला. ती एक पाऊल मागे सरली, आवाज सुरू झाला.

"याला काय होतंय?" तिने बाईंना विचारलं.

"काही होत नाही. याला एकटं राहता येत नाही, एवढंच. माणूस दिसेनासं झालं की घर डोक्यावर घेतो. नोकरी करणाऱ्यांना मी हा दाखवतसुद्धा नाही."

"दुपारी कोणी घरी आलं तर?"

"तर राहील. पण रोज यायला हवं हं बाळा. आज आलं, उद्या नाही, असं याला चालणार नाही."

"रोज?"

"रोज."

"हा हवा," कन्या म्हणाली.

मी तक्ता पुढे केला. "अगं, पण याचा एकही रकाना..."

"तो म्हातारा घेतला तर तुम्ही दुपारी येणार नाही." ती हे रडून म्हणाली नाही, रागावूनही नाही. बोल्टचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं. "आई पण नाही येणार. तो झोपून राहील आणि मी पण."

मेव्हणा काहीतरी बोलणार होता, त्याच्या पायावर पत्नीने पाय दिला. मग ती चष्मा काढून पदराने पुसत राहिली, तो पुसून झाला तरी पुसत राहिली. मला फार वाईट वाटलं. वाईटही आणि लाजही, दोन्ही एकदम. ज्या मुलीसाठी मी एवढा तक्ता मांडला होता, तिला काय हवं हा रकानाच त्यात नव्हता. मी तक्त्याची घडी घातली आणि खिशात ठेवायच्या ऐवजी तिथल्या टोपलीत टाकली.

"म्हाताऱ्याची काळजी नको," बाई एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "त्याला एका निवृत्त जोडप्याची मागणी आहे. पण याचं नक्की जमेल तुम्हाला? सगळे आधी येतो म्हणतात."

"आम्ही महिनाभर येतोय," पत्नी म्हणाली. "रोज."

"कोणासाठी?"

पत्नीने कन्येकडे पाहिलं. "सरावासाठी," ती म्हणाली.

परत येताना मी पुढे बसलो, त्या दोघी मागे, आणि पिल्लू कन्येच्या मांडीवर. मेव्हणा उमद्या कुत्र्यांविषयी बराच वेळ बोलला आणि दमला. मागून आवाज येईना म्हणून त्याने आरशात पाहिलं. पिल्लू गाढ झोपलं होतं.

"भावोजी, हा तर एकदम शांत निघाला की!" तो म्हणाला. "उगाच घाबरवलं त्या बाईने. हा आरामात एकटा राहील, बघा तुम्ही. दुपारी धावत यायची काही गरज पडणार नाही तुम्हाला."

मी मागे वळलो. कन्येने घाबरून पिल्लाला उचललं होतं, त्याचा पडलेला कान वर धरला होता आणि त्यात तोंड घालून ती त्याला दबक्या आवाजात बजावत होती,

"दुपारी असं झोपायचं नाही हं. रडायचं. खूप जोरात रडायचं."